डबीवरचा परवाना क्रमांक

औषध निरीक्षक म्हणून नोकरीत असताना एक दिवस एका महिला बचत गटाच्या अध्यक्षा माझ्या कार्यालयात आल्या. पिशवीत कोरफडीच्या साबणाच्या दहा-बारा वड्या होत्या. जत्रेत हा साबण हातोहात खपला होता. पण शहरातल्या दुकानदाराने ‘परवाना क्रमांक कुठे आहे?’ असे विचारून सगळा माल परत पाठवला होता. बाई म्हणाल्या, “साहेब, घरचं खोबरेल, दारची कोरफड. आम्ही काय औषध विकतोय? आंघोळीच्या साबणाला कसलं आलंय लायसन?”

त्यांचा प्रश्न रास्त होता. तो अनेकांच्या मनात असतो, म्हणून आज त्याविषयीच बोलतो.

आपल्याकडे १९४० साली औषधांसाठी कायदा झाला. १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधने त्यात आली. साबण तेव्हा वगळला होता. १९८२ च्या दुरुस्तीने तोही आत आला. स्वच्छतेसाठी किंवा सौंदर्यासाठी अंगाला चोळायची, लावायची, शिंपडायची किंवा फवारायची वस्तू म्हणजे सौंदर्यप्रसाधन. पावडर, काजळ, शाम्पू, नेलपॉलिश सगळे यात येते. स्वतःच्या घरापुरते केले तर कायदा आडवा येत नाही. विकायचे ठरवले की मात्र आधी परवाना हवा. तो राज्य सरकार देते. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन. २०२० पासून सौंदर्यप्रसाधनांसाठी स्वतंत्र नियमावलीही आहे.

मी बाईंना विचारले, “साबणात कॉस्टिक सोडा किती घालता?” त्या म्हणाल्या, “अंदाजाने.” इथेच सगळी मेख आहे. तेल आणि कॉस्टिक यांच्या संयोगातून साबण होतो. कॉस्टिक जास्त झाले तर ते वडीत तसेच उरते आणि लहान मुलाची कातडी भाजते. परवाना देताना म्हणूनच जागा, यंत्रे, स्वच्छता आणि मालाच्या तपासणीची सोय पाहतात. देखरेखीला शिकलेला जाणकार माणूस लागतो. प्रत्येक घाण्याची नोंद ठेवावी लागते, म्हणजे तक्रार आली तर माल कोणत्या दिवशीचा, ते सापडते.

साबणाने कातडी भाजली तर निदान लगेच कळते. काही अपाय कळतच नाहीत. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या गाळणीच्या एका विकाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांतल्या १५ जणांमध्ये या विकाराचा एक विशिष्ट, एरवी क्वचित दिसणारा प्रकार आढळला. त्या १५ पैकी १३ जण गोरे करणारी क्रीम वापरत होते. संशय होता तो पाऱ्यावर. पारा कातडीतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तोच पारा कातडीवाटे रक्तात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. लघवीतून प्रथिने जातात, पायांवर सूज येते. आरशात मात्र सगळे छान दिसत असते!

आपल्या नियमांनुसार क्रीममध्ये पारा मुद्दाम घालता येत नाही. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. डोळ्यांच्या प्रसाधनांना ही मर्यादा ७० भाग आहे. प्रसाधनांतल्या रंगात शिसे दहा लाखांत २० भागांच्या वर नसावे. परदेशी मालाचीही सुटका नाही. १ एप्रिल २०१३ पासून आयातीपूर्वी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेकडे नोंदणी सक्तीची आहे.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. प्रसाधने विकणाऱ्या दुकानाला त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. माल परवानाधारकाने केलेला असला पाहिजे, एवढीच अट. त्यामुळे कोपऱ्यावरच्या कटलरीच्या दुकानात किंवा आठवडी बाजारात डबी हातात येते, तेव्हा शेवटची तपासणी आपणच करायची असते. देशी मालावर ‘एम’, ‘एम. एल.’ किंवा ‘एमएफजी. लायसन्स’ असे लिहून पुढे क्रमांक असतो. परदेशी मालावर ‘आर. सी.’ हा नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचे नाव-पत्ता असतो. उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादीही पाहा. डबीवर ‘इसब बरा होतो’ असे लिहिले असेल तर अधिक सावध व्हा. रोग बरा करण्याचा दावा केला की ती वस्तू औषध ठरते आणि तिला औषधाचे नियम लागतात.

क्रमांक असला म्हणजे चेहरा उजळेल, अशी हमी कोणी देत नाही. उद्या अंगावर पुरळ उठले तर कोणाच्या दारात जायचे, हे मात्र त्या क्रमांकावरून कळते. क्रमांक नसलेल्या डबीला दारच नसते.

त्या बाईंना मी ‘लोन लायसन्स’ची वाट सांगितली. स्वतःचा कारखाना नसला तरी दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आपला माल करून घेता येतो; त्यासाठी वेगळा परवाना काढावा लागतो. कागदपत्रांना वेळ लागला, एकदा अर्ज त्रुटींसाठी परतही आला. वर्षभराने त्या पुन्हा आल्या, तेव्हा टेबलावर एकच वडी ठेवली. वेष्टनावर गटाचे नाव होते आणि खाली बारीक अक्षरात क्रमांक. त्या म्हणाल्या, “साहेब, आता कॉस्टिक मोजून घालतात.”