एफ/२२ने सगळं शार्प येतं?

मॅक्रो शिकायला लागलेल्या माणसाला पहिला सल्ला हमखास हाच मिळतो: डेप्थ कमी पडतेय ना, मग ॲपर्चर बंद करत जा, थेट एफ/२२पर्यंत. ॲपर्चर लहान केलं की डेप्थ, म्हणजे शार्प दिसणारी खोली, वाढते, यात वाद नाही. पण किती? फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १:१ला, म्हणजे वस्तू सेन्सरवर आहे त्याच आकाराची उमटते तेव्हा, एफ/८ला साधारण १ मिलिमीटर, एफ/१६ला २ आणि एफ/२२ला अडीचच्या किंचित वर. मुंगीच्या डोक्याला पुरेल, फुलाला नाही.

आणि त्या वाढीव दीड मिलिमीटरसाठी शार्पनेस जातो. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, बिंदूचा ठिपका होतो. याला विवर्तन म्हणतात. मॅक्रोत ते दुप्पट छळतं, कारण १:१ला एफ/१६चा परिणाम एफ/३२सारखा असतो. तिथे एका बिंदूचा ठिपका सुमारे ०.०४३ मिमीचा होतो, तर २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरचा एक पिक्सेल जेमतेम ०.००६ मिमीचा. म्हणजे एक बिंदू सात पिक्सेलवर फासला गेला. एफ/८ला हा ठिपका निम्म्यावर येतो. म्हणून १:१ला एफ/८ ते एफ/११ यांच्यामध्ये राहावं, असं माझं मत. एफ/१६ नाइलाज असेल तरच.

जाता जाता, निकॉनची १०५ मिमी एफ/२.८ मॅक्रो लेन्स १:१ला एफ/४.८ दाखवते. बिघाड समजून घाबरू नये. ती खरा, बदललेला आकडा सांगते. कॅननच्या ईएफ मॅक्रो लेन्स मूळ आकडाच दाखवत राहतात. त्यामुळे शेजारी बसलेल्या दोघांनी एकमेकांचे आकडे उतरवून घेण्यात फारसा अर्थ नसतो.

‘शार्पनिंग नंतर करू’ हाही एक भ्रम. सॉफ्टवेअर कडा ठळक करतं. कीटकाच्या डोळ्यातली जाळी सेन्सरवर उमटलीच नसेल तर ती आणणार कुठून?

‘६० मिमीला डेप्थ जास्त, १०५ला कमी’ हेही सारखं ऐकू येतं. वस्तू फ्रेममध्ये तितकीच मोठी आणि ॲपर्चर तेच असेल, तर मॅक्रोत डेप्थ जवळपास सारखीच. फरक पडतो तो पार्श्वभूमीत आणि अंतरात: लांब लेन्सने मागचा पसारा कमी दिसतो, फुलपाखरूही लवकर उडत नाही. फोकसच्या पुढे एक तृतीयांश, मागे दोन तृतीयांश हा निसर्गदृश्यांचा नियमही इथे लागू नाही. मॅक्रोत दोन्हीकडे साधारण सारखंच.

मग करायचं काय? ॲपर्चरआधी कोन बदलायचा. कासच्या पठारावर पावसाळ्यात दिसणारी दवबिंदू ही वनस्पती घ्या, ड्रोसेरा बर्मानी. दोनेक सेंटीमीटरची पानांची चकती जमिनीला चिकटलेली, कडेला लाल केस आणि प्रत्येकाच्या टोकावर चिकट थेंब. बाजूने टिपलात तर चार-पाच थेंबच फोकसमध्ये येतात. तोच कॅमेरा चकतीला समांतर, बरोबर वरून धरा. एफ/११लाही बरेचसे थेंब मिळतात. पंख मिटलेल्या फुलपाखराचंही तसंच: कॅमेरा बाजूने, पंखांना समांतर. फक्त त्यासाठी गवतात आडवं पडताना खाली आणखी चार दवबिंदू चिरडू नयेत.

फोकस स्टॅकिंग, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत काढलेल्या फ्रेम एकत्र जोडणं, हा उत्तम उपाय, पण रामबाण नाही. १० मिमी खोलीच्या वस्तूला एफ/८वर ०.७ मिमीच्या टप्प्याने पंधरा-सोळा फ्रेम लागतात, आणि तेवढा वेळ तिने हलता कामा नये. टेबलावरचं नाणं किंवा दागिना शहाण्यासारखा बसून राहतो. पठारावरचा वारा असा वेळ क्वचितच देतो. तिथे फ्लॅश लावावा, पॉवर कमी ठेवावी म्हणजे झोत क्षणभराचा राहतो, आणि फोकस एकाच थेंबावर धरून बाकीचं खुशाल धूसर होऊ द्यावं.