एक तलाव, अनेक वाटेकरी

भंडारा जिल्ह्यातल्या करडी गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही एकाच पाण्यावर अनेकांचा हक्क असला तर ते वाटायचे कसे, हा कोकण किनाऱ्याला आज छळणारा प्रश्न या जिल्ह्याला फार जुना आहे. समुद्रासाठी आपण 1981 साली सागरी मासेमारी नियमन कायदा केला, 2016 मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले. इथल्या मामा तलावांत, म्हणजे माजी मालगुजारी तलावांत, ही वाटणी बांधणीतच मुरलेली आहे.

गोंड राजवटीत कोहळी समाजाने उतार हेरून, पाळी म्हणजे बांध घालून हे तलाव उभे केले. पावसाने ताण दिला की तुडुम, म्हणजे पाणी सोडायचे दार, उघडायचे आणि पाणी धानाच्या बांध्यांत सोडायचे. मात्र तुडुमाच्या तळाखालचे पाणी आपोआप शेतात जाऊच शकत नाही! ते उरते मासळीला, गुराढोरांना. धान निघते त्या सुमारास शिंगाडाही निघतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीवर गाळपेर होते. पाणी तेच, पण ऋतू बदलला की वाटेकरी बदलतो आणि खोली बदलली की हक्क. पाण्यावर एकही रेघ न ओढता केलेले हे नियोजन पाहून मी थक्क होतो.

1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले. गावाचे निस्तार हक्क, म्हणजे वहिवाटीने वापरायचे हक्क, कागदावर राहिले, मासेमारी ठेक्याने ढिवर या मासेमार समाजाच्या सहकारी संस्थांकडे गेली. खरा घाव घातला पंपाने. तुडुमाने राखलेले तळाचे पाणीही तो उपसतो आणि मग शेतकरी व ढिवर समोरासमोर येतात. त्यात बेशरमाची झुडपे माजली, स्थानिक मासे रोडावले.

शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, ढिवरांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला, पावसाळ्यात पाणवनस्पती लावल्या. मासे परतले. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यांना विचारले गेले, एवढेच नवे होते.

आता गाळ काढायला यंत्रे येतात आणि तळ सरसकट खरवडतात. तुमच्या गावात यंत्र उतरण्याआधी ढिवर, शेतकरी, शिंगाडेवाले आणि गुराखी यांना एकदा पाळीवर एकत्र बसवा. डोह कुठे ठेवायचा, वनस्पती कुठे राखायच्या आणि किती पाण्यावर पंप थांबवायचा, हे आधी ठरवा.