हाडांचा फ्लोरोसिस (यवतमाळ जिल्हा)

हाडांचा फ्लोरोसिस हा पिण्याच्या पाण्यावाटे अनेक वर्षे जादा फ्लोराइड शरीरात गेल्याने होणारा आजार आहे. यात हाडे जाड व सांधे ताठर होतात. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, विशेषतः पांढरकवडा परिसरात, भूजलातील फ्लोराइड ही जुनी समस्या आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ग्राह्य आहे. दुसरा स्रोत उपलब्ध नसेल, तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. येथील काही विंधनविहिरींच्या पाण्यात हे प्रमाण त्याहून बरेच अधिक आढळले आहे.

== कारण ==
फ्लोराइड खडकांतील खनिजांतून पाण्यात विरघळते. पाणी खडकात जितके अधिक काळ मुरते आणि त्यात कॅल्शियम जितके कमी असते, तितके फ्लोराइड वाढते. खोल बोअरचे पाणी उथळ विहिरीपेक्षा सुरक्षित असते, ही समजूत जंतूंच्या बाबतीत बहुधा खरी असली तरी फ्लोराइडच्या बाबतीत फसवी ठरू शकते.

== अस्थिजनक पेशींवरील परिणाम ==
हाड आयुष्यभर झिजत व नव्याने घडत असते. जुने हाड अस्थिभक्षक पेशी विरघळवतात, तर अस्थिजनक पेशी प्रथिनांचा साचा तयार करतात आणि त्यात कॅल्शियम व फॉस्फेटचे स्फटिक बसतात. शरीरातील सुमारे ९९ टक्के फ्लोराइड हाडांत व दातांत साठते. तेथे ते स्फटिकांत शिरून त्यांना सहज न विरघळणारे बनवते. शिवाय अस्थिजनक पेशींची संख्या व काम वाढवते. म्हणजे हाड अधिक बनते, पण नव्या साच्यात खनिज उशिरा व अनियमितपणे बसते. अस्थिबंधांतही कॅल्शियम साचू लागते. आहारात कॅल्शियम कमी असेल तर हाडे मऊ पडतात व मुलांचे पाय वाकतात.

याच उत्तेजक गुणामुळे ठिसूळ हाडांवर औषध म्हणून सोडियम फ्लोराइड वापरून पाहिले गेले. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या चार वर्षांच्या चाचणीत २०२ स्त्रियांचा समावेश होता. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. मात्र मणक्यांचे अस्थिभंग लक्षणीय घटले नाहीत आणि इतर हाडांचे अस्थिभंग उलट वाढले. क्ष-किरण चित्रात भरीव दिसणारे हाड मजबूत असतेच असे नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

== निदान ==
सुरुवातीची मान-पाठदुखी व ताठरपणा संधिवातासारखाच भासतो, त्यामुळे निदान लांबते. दातांवरील तपकिरी डाग ही खूण सर्वांत आढळत नाही. बालपणी असे पाणी प्यायलेल्यांतच ते दिसतात. लग्न होऊन बाहेरून आलेल्या स्त्रीचे दात स्वच्छ असले, तरी हाडे बाधित असू शकतात.

== प्रतिबंध ==
झालेली विकृती पूर्ववत करणारे औषध नाही. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही; पाणी आटल्याने ते थोडे वाढतेच. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘नलगोंडा’ पद्धतीत तुरटी व चुना वापरून ते खाली बसवले जाते. फ्लोराइडला सहसा रंग, वास किंवा चव जाणवत नाही. एकाच गावातील दोन हातपंपांच्या पाण्यातही मोठा फरक असू शकतो, म्हणून प्रत्येक स्रोताची स्वतंत्र तपासणी करावी लागते.