एका वळणाची किंमत

ऑगस्ट २०२३ मध्ये पेपरात आतल्या पानावर एक बातमी होती. १९७७ साली सोडलेल्या व्हॉयेजर-२ यानाला २१ जुलैला चुकीची आज्ञा गेली, त्याची अँटेना पृथ्वीपासून दोन अंश बाजूला वळली आणि बोलणंच बंद पडलं. मग ऑस्ट्रेलियातून होती नव्हती ती सगळी ताकद लावून एक हाक मारली गेली. हाक पोचायला साडेअठरा तास, ती पोचल्याचं कळायला आणखी साडेअठरा. ४ ऑगस्टला यान पुन्हा बोलू लागलं.

शेवट गोड झाला म्हणून बातमी विसरायला हरकत नव्हती. मी अडकले एका वाक्यात: ही हाक मारू शकणारी डिश जगात एकच आहे. एकच का? नासाच्या ७० मीटर व्यासाच्या डिश तीन. एक कॅलिफोर्नियात, एक स्पेनमध्ये आणि एक ऑस्ट्रेलियात. मग बाकीच्या दोघी काय करतात? उत्तर शोधता शोधता मी नेपच्यूनच्या एका चंद्रापाशी येऊन पोचले. त्याचं नाव ट्रायटन.

लेक सिडनीला असते. गेल्या खेपेला तिने विचारलं, “आई, ब्लू माउंटन्सला जायचं का?” मी म्हटलं, “टिडबिनबिलाला ने.” तिला ते नाव फोनवर दोनदा टाइप करावं लागलं.

कॅनबेराच्या नैऋत्येला, गावापासून तासाभराच्या आत, डोंगरांच्या कुशीत त्या डिशचं हे केंद्र आहे. कुशीत असण्याला कारण आहे. शहरातला रेडिओचा गोंगाट डोंगर अडवतात. फाटकापाशीच मोबाइल बंद करायची सूचना. कुरणात कांगारू बसलेले आणि त्यांच्या मागे ती डिश. तिचं नाव डीएसएस-४३. फिरणारा भाग तीन हजार टनांहून जड, आणि तो सगळा भार तेलाच्या मिलिमीटरहूनही पातळ थरावर तरंगत फिरतो. नारायणगावजवळ खोडदला विज्ञान दिनी जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश मी पाहिल्या आहेत. त्या जाळीच्या, आरपार आभाळ दिसणाऱ्या. ही भरीव, पांढरी, जरा अंगावर येणारी.

ती हलत होती. इतकी सावकाश, की हलताना दिसत नव्हती. कडेच्या निलगिरीचा शेंडा झाकला गेला तेव्हा कळलं.

अभ्यागतांच्या दालनात चंद्रावरचा खडक, यानांच्या प्रतिकृती, मुलांची झुंबड. ते सगळं अर्ध्या तासात झालं. बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ थर्मासातून चहा ओतत बसले होते. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. मी डिशकडे टक लावून पाहतेय हे बघून त्यांनीच विचारलं, “कशासाठी आलात?” मी म्हटलं, “ट्रायटनसाठी.” त्यांनी झाकण खाली ठेवलं.

“चार तास सहा मिनिटं,” ते म्हणाले.

ते पूर्वी तिथेच नोकरीला होते. २५ ऑगस्ट १९८९ च्या रात्री ड्यूटीवर. शास्त्रज्ञ म्हणून नव्हे. त्यांचं काम थंडाव्याचं. डिशने गोळा केलेली कुजबुज जिथे पहिल्यांदा मोठी केली जाते ते मेसर नावाचं यंत्र द्रवरूप हेलियमच्या तापमानाला, उणे २६८ अंशांच्या आसपास ठेवावं लागे. जरा गरम झालं की यंत्राची स्वतःचीच खरखर यानाच्या आवाजाहून मोठी. ट्रायटनच्या पृष्ठभागाचं तापमान उणे २३५ अंश निघालं. म्हणजे ऐकणारा कान ट्रायटनपेक्षाही थंड होता. हे मी बोलून दाखवलं तेव्हा ते हसले. “मला विचाराल तर त्या रात्रीचा वास आठवतो. कॉम्प्रेसरच्या तेलाचा. थंडीसाठी केवढं गरम तेल लागतं!”

तो वास मला माहीत आहे. आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीत, पट्टा सुटून इंजिन थांबलं की यायचा तो. नेपच्यूनच्या कथेत तो वास येईल असं वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून ट्रायटनचं चित्र समोर आलं की आधी तो येतो.

पंढरपूरला पायांवर डोकं ठेवायची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. अवकाशातही तसंच आहे. एखाद्या चंद्राभोवती फिरत राहायचं, त्यावर उतरायचं, तर वेग मारावा लागतो आणि वेग मारायला इंधन लागतं. नेपच्यूनइतक्या लांब, इतक्या वेगात गेलेल्या यानाकडे ते नव्हतं. म्हणून ‘फ्लायबाय’: न थांबता शेजारून जायचं आणि जाता जाता जे दिसेल ते टिपायचं. मुखदर्शनच. व्हॉयेजर-२ निघालं २० ऑगस्ट १९७७ ला आणि ट्रायटनपाशी पोचलं २५ ऑगस्ट १९८९ ला. बरोबर एक तप आणि वर पाच दिवस. एवढी वारी करून गाभाऱ्यासमोर काही तास.

त्या काही तासांसाठी काय काय करावं लागलं! नेपच्यूनपाशी ऊन आपल्या नऊशेव्या हिश्श्याचं. कॅमेऱ्याची झडप सेकंदांच्या हिशेबात उघडी ठेवायची आणि यान तर धावतंय. धावत्या गाडीतून फोटो काढताना आपण हात उलटा फिरवतो, तसं इथे कॅमेऱ्यासह अख्खं यान हळूच फिरवायचं. एवढं करून चित्र पाठवायचं ते वीसेक वॉटच्या प्रेषकातून, म्हणजे बाथरूममधल्या दिव्याइतक्या ताकदीवर. वेग सेकंदाला जास्तीत जास्त २१,६०० बिट. गुरूपाशी तो १,१५,२०० होता. तो आणखी घसरू नये म्हणून पृथ्वीवरचे कान मोठे केले. टिडबिनबिलाची डिश ६४ मीटरची होती, ती ७० ची केली. शेकडो किलोमीटर दूरची पार्क्सची डिश तिला जोडली, अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या २७ डिशची मदत घेतली. यान तेच जुनं, आपण कान टवकारले.

“आणि तिकडे काही बिघडलं असतं तर?” मी विचारलं.

“चार तास सहा मिनिटं,” पुन्हा तेच. “आमच्याकडे आवाज आला तेव्हा तिकडे सगळं होऊन गेलेलं होतं. यान ट्रायटनच्या पुढे निघूनही गेलं होतं. आम्ही जे ऐकत होतो ते शिळं होतं. पण कंट्रोल रूममध्ये सगळे श्वास रोखून, जणू आत्ता घडतंय.”

यानाच्या घड्याळाने नेपच्यूनची सर्वांत जवळची भेट झाली आणि पाच तासांनी ट्रायटनची, सुमारे ३९,८०० किलोमीटरवरून. कॅनबेराच्या घड्याळाने ट्रायटनची वेळ रात्री अकरानंतरची. ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा. मी विचारलं, “चित्रं पाहिलीत?” ते म्हणाले, “माझ्यासमोर हेलियमचा काटा होता. ट्रायटन मी दुसऱ्या दिवशी पेपरात पाहिला.”

ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं. त्या रात्रीची सगळी छायाचित्रं कॅलिफोर्नियातली आहेत: पडद्यासमोर उभे शास्त्रज्ञ, टाळ्या. काट्याकडे पाहणाऱ्याचा फोटो कुणी काढला नाही.

पेपरात त्यांनी पाहिलं ते काय होतं? भेटीआधी ट्रायटनचा आकारही धड माहीत नव्हता. लांबून एक ठिपका, त्याची चमक तेवढी मोजता यायची. मोठा पण काळपट गोळा आणि लहान पण चकचकीत गोळा सारखेच चमकतात. जवळ जावं तसतसा ट्रायटन आकसत गेला. व्यास निघाला २,७०७ किलोमीटर, आपल्या चंद्राहून लहान. आणि इतका उजळ, की आधीच तुटपुंजं असलेलं ऊन परतवून लावतो, म्हणून तो गारठा. दक्षिणेकडे नायट्रोजनच्या बर्फाचं गुलाबी छटेचं आवरण. एका भागात खरबुजाच्या सालीसारखी खडबडीत जमीन. शास्त्रज्ञांनी नावही तेच दिलं. आघाताची विवरं फार थोडी. ज्या जमिनीवर व्रण कमी, ती जमीन वयाने तरुण, हा तिथला साधा हिशेब. इतक्या थंडीत कुणीतरी आतून जमीन नव्याने घडवत होतं.

हवा आहे की नाही हे पाहायची युक्ती मला सगळ्यात आवडली. यान ट्रायटनच्या आडोशाला जायच्या बेतात असताना त्याची रेडिओलहर चंद्राच्या कडेला घासून येते. तिथे वायू असेल तर लहर रेसभर रेंगाळते. ते रेंगाळणं पृथ्वीवर मोजायचं. सापडली ती नायट्रोजनची हवा. तिचा दाब आपल्या हवेच्या सत्तर हजाराव्या हिश्श्याइतका. एवढ्याशा हवेचं नाव घ्यायचं तर ऐकणाऱ्या यंत्राने स्वतः गप्प राहायला हवं. काट्यासमोरच्या माणसाचं काम काय होतं, ते मला इथे नीट कळलं.

आणि सर्वांत मोठी गोष्ट त्या रात्री कुणाला दिसलीच नाही. पुढच्या काही आठवड्यांत वेगवेगळ्या कोनांतून काढलेली चित्रं शेजारी ठेवून पाहिल्यावर लॉरेन्स सॉडरब्लॉम आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की काही काळे पट्टे जमिनीवर नाहीत, वर उभे आहेत. फवारे! आठ किलोमीटर सरळ वर जाऊन वाऱ्यासोबत शंभरावर किलोमीटर आडवे पसरलेले. उणे २३५ अंशांत काहीतरी उसळत होतं. पारदर्शक बर्फाखाली ऊन अडकून नायट्रोजनची वाफ कोंडते, हे एक स्पष्टीकरण. वाद अजून मिटलेला नाही. मिटणार कसा? पुन्हा जाऊन पाहिलेलंच नाही.

आता त्या एका डिशच्या प्रश्नाकडे येते. नेपच्यूननंतर व्हॉयेजर-२ ला कुठल्याही ग्रहाकडे जायचं नव्हतं. पुढचा ग्रह गाठायची काळजी नसल्यामुळे आखणी करणाऱ्यांना मनासारखं वळण घ्यायची मोकळीक होती. ट्रायटन जवळून पाहायचा तर नेपच्यूनच्या उत्तर ध्रुवावरून, ढगांच्या माथ्यापासून सुमारे ४,९५० किलोमीटरवरून जायचं. ग्रहाचं गुरुत्वाकर्षण यानाला दक्षिणेकडे वाकवून चंद्राशेजारून नेणार. त्यांनी ते वळण घेतलं. तेव्हापासून यान ग्रहांच्या पातळीखाली, दक्षिणेला चाललं आहे. कॅलिफोर्निया आणि स्पेनच्या डिशना ते क्षितिजाखाली पडलं. राहिली टिडबिनबिलाची.

म्हणून मार्च २०२० मध्ये ही डिश दुरुस्तीला घेतली तेव्हा जवळपास अकरा महिने यानाला नेहमीसारख्या आज्ञा देता आल्या नाहीत. म्हणून २०२३ ची ती हाक इथूनच. काही तासांच्या दर्शनासाठी घेतलेलं वळण चौतीस वर्षांनीही आपली किंमत वसूल करत होतं.

व्हॉयेजर-१ नेही हेच केलं होतं. नोव्हेंबर १९८० मध्ये शनीच्या टायटनजवळून जाण्यासाठी त्याने पुढच्या ग्रहांवर पाणी सोडलं आणि कॅमेऱ्याला दिसलं फक्त नारिंगी धुकं. टायटनची हवा आपल्यापेक्षा दाट आहे हे त्यातून कळलं, पण जमीन पाहायला आणखी पंचवीसेक वर्षं थांबावं लागलं. तिथे मग कॅसिनी गेलं, ह्यूजेन्स उतरलं. टायटनला दुसरं दर्शन मिळालं. ट्रायटनला नाही.

ते वळण घ्यायला हवं होतं का, असं मी त्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. थर्मास बंद केला, डिशकडे पाहिलं. ती आता झाडांच्या वर आली होती. “कुणाकडे बघतेय?” मी विचारलं. “आता मला कोण सांगतं,” ते म्हणाले आणि फाटकाकडे निघाले.

माझ्यापुरतं उत्तर असं: हवंच होतं. फवारे, ती विरळ हवा, ती तरुण जमीन, सगळं त्या एका वळणाने दिलं. माझी तक्रार वळणाबद्दल नाही, नंतरच्या स्वस्थपणाबद्दल आहे. पहिलं दर्शन फ्लायबायने घ्यावं, पण त्यावरच भागवू नये. २०२० मध्ये ट्रायटनकडे जाणाऱ्या ‘ट्रायडंट’ मोहिमेचं नाव नासाच्या शेवटच्या चौघांत होतं. तीही फ्लायबायच करणार होती, २०३८ च्या सुमारास. जून २०२१ मध्ये निवड झाली ती शुक्राच्या दोन मोहिमांची. शुक्रावर माझा राग नाही. पण १९८९ मध्ये ट्रायटनचा उत्तर भाग अंधारात होता, आणि तिथला एकेक ऋतू चाळीस वर्षांचा. त्या रात्री जेवढं उजेडात होतं तेवढंच टिपता आलं. पुढची मोहीम जाईपर्यंत ट्रायटनचा नकाशा चाळीस टक्क्यांवर थांबलेला आहे.