बलवर्धक व्यायाम
बलवर्धक व्यायाम : स्नायूंना नेहमीपेक्षा अधिक रोधाविरुद्ध कार्य करावयास लावून त्यांचे बल वाढविण्याची पद्धतशीर व्यायामरीती. हा रोध वजनांचा, रबरी पट्ट्यांचा, यंत्रांचा अथवा स्वतःच्या शरीरभाराचा असतो. महाराष्ट्रातील तालमींत रूढ असलेले जोर, बैठका, मुद्गल फिरविणे इ. प्रकार याच वर्गात मोडतात. स्पर्धात्मक भारोत्तोलन व शरीरसौष्ठव यांहून आरोग्यासाठी करावयाच्या या व्यायामाचा हेतू भिन्न आहे.

या व्यायामाला शास्त्रीय बैठक देण्याचे बरेचसे श्रेय अमेरिकन वैद्य टॉमस डेलॉर्म यांना दिले जाते. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या दुर्बल झालेल्या स्नायूंवर क्रमाने वाढता भार देण्याचे प्रयोग करून त्यांनी आपले निष्कर्ष १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. भार हळूहळू वाढवीत नेणे, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय.

आरंभीच्या काही आठवड्यांत वाढणारे बल मुख्यतः तंत्रिका तंत्राच्या सुधारलेल्या नियंत्रणामुळे येते. स्नायुतंतूंची जाडी त्यानंतर दिसण्याइतकी वाढते. म्हणून आरशात फरक न दिसताही बल वाढलेले असू शकते. स्नायूंकडून रक्तातील ग्लुकोज अधिक प्रमाणात वापरले जाते, तसेच हाडांवर पडणाऱ्या भारामुळे त्यांची घनता टिकण्यास साहाय्य होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी सर्व प्रमुख स्नायुसमूहांचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावा. नवशिक्याने लागोपाठचे दिवस टाळून खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला टेकून जोर, पट्टी छातीकडे ओढणे, टाचा उचलणे असे चार-पाच प्रकार निवडावेत. प्रत्येकाची ८ ते १२ आवर्तने करावीत; प्रारंभी एक संच पुरेसा असतो. आणखी दोन-तीन आवर्तने करता येतील अशा अवस्थेत थांबावे. ठरविलेली आवर्तने सहज होऊ लागल्यावरच भार थोडा वाढवावा. भार उचलताना श्वास सोडावा. तो कोंडून धरल्यास रक्तदाब एकाएकी वाढतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू काहीसे दुखणे स्वाभाविक असते. सांध्यातील तीव्र वेदना, छातीत दुखणे किंवा घेरी येणे ही मात्र व्यायाम तत्काळ थांबविण्याची लक्षणे होत. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, अंतर्गळ किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास वैद्याचा सल्ला घेऊनच आरंभ करावा.

उतारवयात हा व्यायाम वर्ज्य असल्याची समजूत निराधार आहे. मध्यमवयानंतर स्नायूंचे वस्तुमान व बल क्रमाने घटत जाते आणि आजारपणात अंथरुणाला खिळल्यास ही घट वेगाने होते. मरिया फिॲटरोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टन येथील एका शुश्रूषागृहात नव्वदीच्या घरातील दहा व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात (१९९०), आठ आठवड्यांचा व्यायाम पूर्ण केलेल्या नऊ जणांच्या मांडीच्या स्नायूंचे बल सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढले. त्यांपैकी दोघांना चालताना काठीची गरज उरली नाही. व्यायाम बंद केल्यास मिळविलेले बल ओसरू लागते. म्हणून अल्पकाळ केलेल्या कठोर व्यायामापेक्षा नियमित केलेला माफक व्यायाम अधिक हितकर ठरतो. जमिनीवरून उठणे, जिना चढणे, पाण्याची कळशी उचलणे या नित्याच्या क्रिया परावलंबनाविना करता येणे, हेच त्याचे खरे फलित होय.