साहसी कोण, फितूर कोण? : सिडनी कॉटन आणि १९४८ चा मराठवाडा

हैद्राबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात सिडनी कॉटन हे नाव बहुधा एका ओळीत येते आणि जाते. एका परदेशी वैमानिकाने निजामाला चोरून शस्त्रे पुरवली, एवढीच ती ओळ असते. त्याच इतिहासात, आणि त्याहून जास्त गावच्या पारावर, दुसरी एक ओळ ऐकू येते : ‘महार-मांग रझाकारांना मिळाले होते.’ पहिल्या ओळीत एक माणूस आहे, दुसऱ्या ओळीत सबंध जाती आहेत. पहिली ओळ वाचताना थोडे कौतुकच वाटते. दुसरी ऐकताना मात्र आमच्या माना खाली जाव्यात अशी अपेक्षा असते. मी जिंतूर तालुक्यातल्या बोरीचा. ही दुसरी ओळ मी लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून या दोन ओळी शेजारी-शेजारी ठेवून तपासाव्यात असे मला वाटते.

प्रथम हा कॉटन कोण ते पाहू. फ्रेडरिक सिडनी कॉटन १८९४ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात जन्मला. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेत वैमानिक झाला. त्या काळची विमाने उघडी असत आणि उंचावर वैमानिक थंडीने गारठत. कॉटनने १९१७ साली अंग झाकणारा एकसंध पोशाख तयार केला. तो त्याच्याच नावावरून ‘सिडकॉट’ म्हणून ओळखला गेला आणि पुढे कित्येक वर्षे वैमानिकांच्या अंगावर राहिला. डोके चालते, हात चालतो, पण वरिष्ठांचे आणि याचे पटत नाही, असा हा माणूस.

१९३९ साली दुसरे महायुद्ध तोंडावर आले तेव्हा ब्रिटिश हेरखात्याने त्याला हाताशी धरले. त्याने एका लॉकहीड विमानाच्या पोटात कॅमेरे बसवले आणि त्यांच्यावर सरकती झाकणे लावली. बाहेरून पाहणाऱ्याला तो रंगीत फिल्मच्या धंद्यासाठी फिरणारा श्रीमंत व्यापारी वाटे. जर्मनीवरून जाताना झाकणे सरकत आणि विमानतळ, कारखाने, युद्धनौका यांची छायाचित्रे निघत. उंचावरच्या गारठ्यात कॅमेऱ्याच्या भिंगावर दव धरते. ते धरू नये म्हणून त्याने विमानातली उबदार हवा कॅमेऱ्यांवरून खेळती ठेवली.

युद्ध सुरू झाल्यावर त्याच्याकडे छायाचित्रणाची वेगळी तुकडी आली. तोवर हे काम जड, संथ बाँबर विमाने करीत आणि शत्रू ती सहज पाडी. लहान, वेगवान, निःशस्त्र विमान अतिउंचावरून पाठवावे, ही कल्पना मॉरिस लाँगबॉटम या तरुण अधिकाऱ्याने कागदावर मांडली होती. कॉटनने ती प्रत्यक्षात आणली. त्याने स्पिटफायर विमानातल्या मशीनगन काढल्या, अंगावरच्या भेगा बुजवून ते घोटून गुळगुळीत केले, आकाशात मिसळून जाईल असा फिकट रंग दिला. वजन घटले, वेग वाढला. १८ नोव्हेंबर १९३९ रोजी असे पहिले विमान फ्रान्समधून उडाले आणि लाँगबॉटमनेच ते जर्मन सीमेकडे नेले. पुढे सबंध युद्धभर ब्रिटिशांना शत्रूच्या प्रदेशाचे जे डोळे मिळाले, त्यांचा पाया हा होता. नाझींच्या पराभवात या कामाचा वाटा मोठा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु नियम मोडून काम करायची सवय वरिष्ठांना सोसवेना. जून १९४० मध्ये त्याला त्या तुकडीवरून काढले. १९४१ मध्ये पदक देऊन बोळवण केली.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. हैद्राबादचे नाव ब्रिटिश हवाई दलात आधीपासून होते. १९१८ साली निजामाच्या देणगीतून घेतलेल्या विमानांच्या तुकडीला हैद्राबादचे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धातही १५२ क्रमांकाची स्पिटफायर तुकडी ‘हैद्राबाद’ म्हणवली गेली. निजामाच्या खजिन्यात पैसा कुठून येई? मराठवाड्यातल्या ज्वारी-कापसाच्या शेतसाऱ्यातून तो येई. ज्याने ते कापूस वेचले, ज्वारी काढली, त्याला सालगड्याची भाकरी मिळाली. विमानावर नाव कोरले गेले ते संस्थानाचे.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर निजामाने स्वतंत्र राहायचे ठरवले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार झाला. पण लातूरचा वकील कासीम रझवी हा इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष होता आणि त्याची रझाकार संघटना गावोगाव पसरत होती. चहूबाजूंनी भारत, समुद्र नाही, आणि भारताकडून शस्त्रे येणे बंद. मीर लायक अली यांच्या मंत्रिमंडळाला एकच वाट उरली, ती आकाशाची. १९४८ साली कॉटनने ती वाट विकत दिली.

व्यवहार असा होता. युद्धात बाँब टाकणारी लँकेस्टर विमाने युद्धानंतर माल आणि उतारू वाहण्यासाठी बदलली गेली, त्यांना लँकेस्ट्रियन म्हणत. ती कॉटनने मिळवली. कराचीत शस्त्रे भरायची, रात्री भारताच्या हद्दीवरून उडायचे आणि बिदर, वरंगळ अशा संस्थानातल्या धावपट्ट्यांवर उतरायचे. कराचीपासून हैद्राबाद सरळ रेषेत सुमारे १४५० किलोमीटर. रात्रीच्या अंधारात ते विमान शोधून अडवण्याची पुरेशी साधने तेव्हा हिंदी हवाई दलाजवळ नव्हती. नकाशावर पट्टी ठेवून कराची ते वरंगळ रेघ ओढली, तर ती आमच्या परभणी जिल्ह्यावरून जाते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ तारखेला निजामाने हार मानली आणि १८ ला जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. लष्करी दृष्टीने पाहिले तर कॉटनची शस्त्रे पाच दिवसही टिकली नाहीत. मग त्या शस्त्रांनी केले काय? त्यांनी हैद्राबादच्या राज्यकर्त्यांना आपण लढू शकतो हा भ्रम दिला. त्यांनी तडजोड लांबवली. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात संस्थान आणि रझाकार यांच्यातली रेघ पुसट झाली होती. जेवढे दिवस तडजोड लांबली तेवढे दिवस गावे जळत राहिली.

कॉटनला शिक्षा काय झाली? हवाई वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दल ब्रिटनमध्ये २०० पौंड दंड. १९६९ साली तो वारला. त्याच वर्षी त्याच्या आठवणींचे पुस्तक निघाले आणि त्याच्या नावाने एक असामान्य वैमानिक मिरवू लागला. त्याच्या टीकाकारांनी त्याला फार तर पैशाचा लोभी म्हटले. फितूर मात्र कोणी म्हटले नाही.

आता दुसऱ्या ओळीकडे वळू. दलित रझाकारांना मिळाले, हे कितपत खरे? प्रामाणिकपणे सांगायचे तर चित्र एकरंगी नव्हते. संस्थानातल्या अस्पृश्यांचे राजकारण दुभंगलेले होते. बी. एस. व्यंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. औरंगाबादेत जन्मलेले बी. श्यामसुंदर हे निजामाच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रसंघापुढे गेले. हिंदू बहुमताच्या राज्यात अस्पृश्यांना न्याय मिळणार नाही, ही त्यांची भूमिका होती. ती चुकीची ठरवण्याचा हक्क आपल्याला आहे. पण ती विकली गेलेली भूमिका होती असे म्हणून ती संपवता येणार नाही. उलट बाजूला जे. एच. सुब्बय्या, भाऊसाहेब मोरे यांच्यासारखे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे कार्यकर्ते होते. आणि खुद्द बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच जाहीर पत्रक काढले होते. सवर्ण हिंदूंविषयी राग आहे म्हणून मुस्लिम लीगला वा निजामाला आपले समजू नका, धर्मांतराच्या दडपणाला बळी पडू नका, भारताशी वैर करणाऱ्याची बाजू घेऊन समाजाला बट्टा लावू नका, असा त्याचा आशय होता. बाबासाहेब तेव्हा भारताचे कायदेमंत्री होते. आम्हाला फितूर म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात हे पत्रक कधी येत नाही.

हे झाले पुढाऱ्यांचे. गावात काय घडत होते? माझा आजा येसकर होता. अमीन आला, गिरदावर आला, पोलीस आले, की त्यांचे सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत पोचवायचे, घोड्याला चारा आणायचा, गढीवर निरोप न्यायचा, ही कामे त्याच्या जन्माबरोबर आलेली. त्याला वेठ म्हणत. कागदावर ती बंद झाली असेल, गावात नव्हती. रझाकारांची टोळी आली तेव्हा तिचे ओझे वाहायला आणि वाट दाखवायला गावाने कोणाला पुढे केले? ज्याला शतकानुशतके पुढे केले जात होते त्यालाच. पाटील-पटवाऱ्याने हद्दीपलीकडच्या पाहुण्याकडे पोरेबाळे पाठवली. ज्याच्याकडे ना बैलगाडी, ना हद्दीपलीकडे सोयरा, तो वस्तीत राहिला. राहिलेला माणूस टोळीबरोबर दिसला आणि दिसला म्हणून मिळाला असे ठरले.

काही जण आपणहून गेले, हेही मी लपवत नाही. पडीक जमिनीचा तुकडा मिळेल, गढीचा दरारा एकदा तरी मोडेल, या आशेने गेले. काहींनी लुटीत हातही घातला. त्याचे समर्थन नको. परंतु ज्याला गावच्या विहिरीवर पाणी नव्हते त्याने गावाशी कोणते इमान मोडले, हा प्रश्न विचारल्यावाचून फितुरीचा हिशेब पुरा होत नाही. इमानाला दोन बाजू असतात. एका बाजूने माणूस म्हणून वागवावे लागते, तेव्हा दुसऱ्या बाजूने इमान मागता येते.

आणि शिक्षा? पोलीस ॲक्शननंतर जो सूड उगवला गेला त्यात सर्वांत जास्त मार मुसलमान रयतेला बसला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा होता, आणि सरकारने तो अहवाल दशकानुदशके प्रसिद्ध केला नाही. त्या धामधुमीत दलित वस्त्यांवरही हात टाकला गेला. कसायला घेतलेल्या गायरानावरून लोकांना हुसकावले. भूमिहीनांच्या १९६४-६५ च्या सत्याग्रहात आमची माणसे तुरुंगात गेली, त्यामागे ही हिसकावलेल्या जमिनीची आठवणही होती. पुढे १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा तीस वर्षांपूर्वीचा तोच टोमणा पुन्हा बाहेर काढलेला मी ऐकला. मागणी होती एका विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याची. उत्तर मिळाले, ‘तुम्ही रझाकारांचे.’

आता दोघांना एकाच मापाने मोजू. कॉटनला निवड होती. तो परक्या देशाचा, हैद्राबादशी त्याचा ना जन्माचा संबंध, ना मरणाचा. नको म्हणाला असता तरी त्याचे काही बिघडले नसते. येसकराला निवड नव्हती. त्याने नको म्हटले असते तर टोळीने मारले असते आणि हो म्हटल्यावर गावाने मारले. कॉटनला विमानाच्या खेपांचा मोबदला मिळाला. येसकराला वेठीचा मोबदला कधीच नव्हता. कॉटनने टनांनी शस्त्रे आणली, येसकराने डोक्यावर गाठोडे वाहिले. कॉटनचा गुन्हा त्याच्याबरोबर संपला. येसकराचा आरोप त्याच्या नातवाच्या शाळेपर्यंत आला.

यातून इतिहास लिहिण्याच्या रीतीविषयी एक गोष्ट उघड होते. वरच्या माणसाचे कृत्य त्याच्या एकट्याच्या नावावर जमा होते. त्याचे गुण वेगळे मांडले जातात, दोष वेगळे, आणि शेवटी ‘वादग्रस्त व्यक्तिमत्त्व’ असा सन्मानाचा शब्द त्याला लाभतो. खालच्या माणसाचे कृत्य त्याच्या जातीच्या नावे पडते आणि त्याला वादग्रस्त होण्याचाही मान मिळत नाही. कॉटनने नाझींविरुद्ध केलेले काम आणि निजामासाठी केलेले काम आपण वेगवेगळे तोलू शकतो, तोललेही पाहिजे. मग तोच न्याय वस्तीलाही लावा. कोण गेला, का गेला, कोणाच्या दडपणाने गेला, कोण गेला नाही, कोणी मुक्तिसंग्रामातल्या माणसांना भाकरी पोचवली, कोण मारला गेला, हे माणसामाणसाने विचारा.

हे काम दुसरा कोणी करणार नाही. मराठवाड्यातल्या प्रत्येक वस्तीत १९४८ च्या आठवणी आजही घरोघर सांगितल्या जातात. ते दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. त्यांचे बोलणे गावाच्या आणि माणसाच्या नावानिशी उतरवून घेतले पाहिजे. त्यात आपल्याला न रुचणारे काही निघाले तर तेही तसेच लिहिले पाहिजे. फितुरीचा शिक्का जातीवरून काढायचा तर तो निव्वळ संतापाने निघणार नाही. त्यासाठी एकेका माणसाची हकीकत पुराव्यासह मांडावी लागेल.