उष्णता आणि वनस्पतींचें अन्न

ऊन जितकें कडक तितकें पीक जोमदार, असें आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकतों. हें अर्धेंच सत्य आहे. वनस्पति पाणी व कर्बवायु यांपासून प्रकाशाच्या साह्यानें साखर बनवितात. परंतु प्रकाश व उष्णता या भिन्न गोष्टी होत. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांनीं १९०५ सालीं असें मांडिलें कीं, प्रकाश अपुरा असेल तर उष्णता वाढवूनही या क्रियेस फारसा वेग येत नाहीं.

प्रकाश मुबलक असला तरी उष्णतेस मर्यादा आहेच. पानांतील रुबिस्को नांवाचें प्रथिन कर्बवायु पकडण्याचें काम करितें. उष्मा वाढला म्हणजे तें चुकून प्राणवायूच अधिक वेळां पकडूं लागतें, आणि वनस्पतीच्या कमाईचा कांहीं भाग व्यर्थ जातो. गहूं व भात यांची अडचण हीच. ज्वारी, बाजरी, मका व ऊंस यांच्या पानांत मात्र कर्बवायु आधीं गोळा करून आंतील पेशींतल्या रुबिस्कोपुढें एकवटण्याची सोय असते. म्हणून गव्हास २५ अंश सेल्सिअसच्या आसपासची हवा मानवते, तर ज्वारीचें काम ३५ अंशांतही उत्तम चालतें.

२०२२ च्या मार्चांत उत्तर भारतांत गव्हाचा दाणा भरत असतांनाच तीव्र उष्मा पडला. उत्पन्न घटलें, भाव चढले, आणि १३ मे रोजीं सरकारनें गव्हाची निर्यात थांबविली.

आमच्या घरांतून पोळीस मान असतो व भाकरी गौण लेखिली जाते. वाढत्या उष्णतेच्या काळांत हा पंक्तिप्रपंच सोडणें शहाणपणाचें ठरेल, असें आम्हांस वाटतें.